शांतिसेना आणि महिला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या महिलांबद्दल वाचक सतत विचारत असतात. त्यात स्पर्धा परीक्षा देणारे विद्यार्थी असतात, पोलीस दलातल्या महिला असतात, मुलगी सैन्यात जायचं म्हणते म्हणून चौकशी करणारे पालक असतात. हा सगळा दिखावा आहे का, असं स्पष्ट विचारणारेही पुष्कळ. त्यांच्या प्रश्नांतून ही यादी तयार झाली. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. तोच विषय दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शांतिसेना म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं स्वतःचं सैन्य आहे का?

नाही. संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचा एकही सैनिक नाही. सुरक्षा परिषद ठराव करून मोहीम उभारते आणि माणसं सदस्य देश पाठवतात. मोहिमेत साधारण चार तऱ्हेचे लोक असतात. पहिले लष्करी तुकड्यांमधले जवान. दुसरे सुटे, म्हणजे तुकडीशिवाय पाठवलेले, लष्करी निरीक्षक आणि मुख्यालयातले अधिकारी. तिसरे पोलीस: यांतले काही एकेकटे जातात, काही अख्ख्या सशस्त्र तुकडीने. चौथे नागरी कर्मचारी, म्हणजे मानवी हक्क, निवडणूक, कायदा, रसद वगैरे पाहणारे. भारताने १९५० च्या दशकापासून पन्नासच्या आसपास मोहिमांत २,९०,००० हून अधिक शांतिसैनिक पाठवले आहेत.

इथलं एक सूत्र पुढे वारंवार उपयोगी पडेल: मोहिमेत किती महिला असतील हे न्यूयॉर्कमध्ये ठरत नाही. ते माणसं पाठवणाऱ्या देशांच्या राजधान्यांत, म्हणजे दिल्ली, ढाका, काठमांडू, किगाली, अक्रा इथे ठरतं.

२. शांतिसेनेत लिंगभाव (जेंडर) समानता आणायची म्हणजे जास्त महिला भरती करायची, एवढंच ना?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे निम्मा गोंधळ होतो. एक, शांतिसैनिकांत महिला किती. दुसरी, मोहिमेचा प्रत्येक निर्णय घेताना तो स्त्रियांना आणि पुरुषांना वेगवेगळा कसा लागू होईल, याचा विचार कोणी केला का. दुसरी गोष्ट उदाहरणाशिवाय कळत नाही, म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर देतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधलं यादवी युद्ध २००२ मध्ये संपलं. लढवय्यांना निःशस्त्र करून नागरी आयुष्यात परत आणायचा कार्यक्रम झाला. त्यात नाव नोंदवायची मुख्य अट होती हत्यार जमा करण्याची. वरवर पाहता नियम सगळ्यांना सारखा. पण बंडखोर टोळ्यांनी पळवून नेलेल्या हजारो मुली-बायकांकडून स्वयंपाक, ओझी वाहणं, जखमींची देखभाल करून घेतली जात होती. 'बायको' म्हणून त्या एखाद्या कमांडरच्या ताब्यात होत्या. काही प्रत्यक्ष लढल्याही होत्या, पण बंदूक पुरुषाच्या हातात. त्यामुळे नोंद झालेल्या सुमारे ७२,००० जणांत महिला ५,००० सुद्धा भरल्या नाहीत. बाकीच्यांना ना प्रशिक्षण मिळालं, ना पैसे, ना घरी परतायला मदत.

शेजारच्या लायबेरियात २००३ च्या अखेरीस तसाच कार्यक्रम सुरू झाला. तिथे टोळ्यांबरोबर राहिलेल्या महिलांना हत्याराशिवाय नोंदणीची वाट ठेवली. एक लाखाच्या वर नोंदी झाल्या, त्यात महिला २२,००० हून अधिक. नियमातली एक ओळ बदलल्यामुळे इतका फरक पडला. ही ओळ बदलायला महिला सैनिक असायलाच हव्यात असं नाही. 'या रांगेत बायका का दिसत नाहीत?' असं विचारणारं कोणीतरी अधिकाराच्या जागी असावं लागतं. ते कोण, हे प्रश्न ११ मध्ये आहे.

३. ठराव १३२५ मध्ये नक्की काय आहे? परीक्षेत कायम येतो.

हा महिला, शांतता आणि सुरक्षा या विषयावरचा ठराव. सुरक्षा परिषदेने तो ३१ ऑक्टोबर २००० रोजी एकमताने मंजूर केला. तेव्हा परिषदेचं अध्यक्षपद नामिबियाकडे होतं आणि हा निव्वळ योगायोग नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात नामिबियाच्या राजधानीत, विंडहूकमध्ये, शांतिमोहिमांत लिंगभावाचा विचार कसा आणायचा यावर परिसंवाद झाला होता; तिथला जाहीरनामा पुढे ठरावाचा पाया ठरला. दक्षिण आफ्रिकेशी दीर्घ लढा देऊन, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली स्वतंत्र झालेल्या देशाने हा विषय परिषदेत आणला, ही गोष्ट आपल्याकडच्या नोट्समध्ये सहसा सापडत नाही. 'हा पाश्चात्त्यांचा अजेंडा' असं म्हणणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

ठरावाची चार अंगं सांगितली जातात: शांतता प्रक्रियेत महिलांचा सहभाग, युद्धातल्या अत्याचारांपासून संरक्षण, अशा हिंसेला प्रतिबंध, आणि मदत व पुनर्उभारणी. पुढे याच मालिकेत आणखी नऊ ठराव आले. १८२० (२००८) ने युद्धातली लैंगिक हिंसा हा सुरक्षेचा प्रश्न मानला, १८८८ (२००९) ने त्यासाठी महासचिवांचा विशेष प्रतिनिधी नेमायला सांगितलं. २५३८ (२०२०) हा इंडोनेशियाच्या पुढाकाराने आलेला ठराव खास शांतिमोहिमांतल्या महिलांवर आहे.

४. ठराव १३२५ बंधनकारक आहे का? पाळला नाही तर काय होतं?

तो संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या, म्हणजे सक्तीची कारवाई करू देणाऱ्या, प्रकरणाखाली केलेला नाही आणि न पाळणाऱ्या देशावर कारवाईची तरतूद त्यात नाही. त्याचा प्रभाव दुसऱ्या वाटेने पडतो. परिषद एखाद्या मोहिमेचा कार्यादेश लिहिते तेव्हा त्यात १३२५ मधली कामं घालते, मग त्यासाठी पदं आणि पैसा मंजूर करावा लागतो आणि महासचिवांच्या अहवालात त्यांचा हिशोब द्यावा लागतो.

५. शांतिसेनेत महिला किती?

१९९३ मध्ये गणवेशातल्या शांतिसैनिकांत महिला अवघ्या १ टक्का होत्या. २०२० मध्ये, सुमारे ९५,००० शांतिसैनिक असताना, लष्करी तुकड्यांत ४.८ टक्के, सशस्त्र पोलीस तुकड्यांत १०.९ टक्के, आणि न्याय व तुरुंग विभागात सरकारांनी दिलेल्या कर्मचाऱ्यांत ३४ टक्के महिला होत्या.

२०१८ मध्ये आखलेल्या धोरणात २०२८ साठी उद्दिष्टं ठरवली: लष्करी तुकड्यांत १५ टक्के, निरीक्षक व स्टाफ अधिकाऱ्यांत २५, पोलीस तुकड्यांत २०, सुट्या पोलीस अधिकाऱ्यांत ३० टक्के. सुट्या अधिकाऱ्यांत प्रगती झपाट्याने होते, कारण एका देशाने पाच जागांवर दोन महिला पाठवल्या तरी टक्केवारी उडी घेते. खरं घोडं अडतं ते लष्करी तुकड्यांत, आणि शांतिसेनेत सर्वाधिक माणसं तिथेच असतात. म्हणून कोणी 'शांतिसेनेत इतके टक्के महिला' असा एकच आकडा तोंडावर फेकला तर कुठल्या गटातला, हे आधी विचारा.

६. भारताची महिला तुकडी लायबेरियात गेली होती म्हणतात. तिने तिथे काय केलं?

जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शंभरावर महिला लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियात उतरल्या. शांतिसेनेच्या इतिहासातली ही पहिली सर्व-महिला सशस्त्र पोलीस तुकडी. पहिल्या तुकडीचं नेतृत्व सीमा धुंडिया यांनी केलं. दर वर्षी नवी तुकडी जायची, जुनी परतायची. असं फेब्रुवारी २०१६ पर्यंत नऊ वर्षं चाललं. सैन्याची नव्हे तर पोलिसांची तुकडी का, असं पुष्कळ जण विचारतात. कारण साधं आहे: तेव्हा भारतीय लष्करात महिला फक्त अधिकारी म्हणून होत्या, जवान म्हणून एकही नव्हती. राखीव पोलीस दलात मात्र १९८६ पासून महिला बटालियन होती आणि तिला देशांतर्गत दंगली, निवडणुका, बंदोबस्त यांचा भरपूर अनुभव होता.

त्या गेल्या तो देश कसा होता, हेही पाहायला हवं. १९८९ ते २००३ या काळात लायबेरियाने दोन यादवी युद्धं भोगली. बलात्कार हे युद्धाचं नेहमीचं हत्यार झालं होतं. २००३ मध्ये लेमा बोवी आणि त्यांच्या सहकारी महिलांनी, ख्रिश्चन आणि मुस्लिम दोघींनी मिळून, पांढरे कपडे घालून मन्रोव्हियाच्या मासळी बाजारापाशी रोज धरणं धरलं. घानाच्या राजधानीत, अक्रात, शांतता वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा त्यांनी सभागृहाची दारं अडवली आणि प्रतिनिधींना तोडगा काढल्याशिवाय बाहेर जाऊ देणार नाही म्हणून ठाण मांडलं. त्याच वर्षी करार झाला. २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सर्लीफ निवडून आल्या. आफ्रिकेतल्या त्या पहिल्या निर्वाचित महिला राष्ट्राध्यक्ष. २०११ चं शांततेचं नोबेल सर्लीफ, बोवी आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांना विभागून मिळालं. भारतीय तुकडी लायबेरियन महिलांना जागं करायला गेली असं जे आपल्याकडे लिहिलं जातं ते म्हणूनच मला खटकतं. त्या आधीच जाग्या होत्या आणि रस्त्यावर होत्या.

तुकडीचं काम मात्र अगदी पक्कं पोलिसी होतं. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची सुरक्षा, शहरात रात्रीची गस्त, जमावाला आवरणं, स्थानिक पोलिसांना पाठबळ. एके-४७ घेऊन, हेल्मेट घालून. कामापलीकडे त्यांनी काँगो टाउन भागातल्या आपल्या तळाभोवतीच्या मुलींसाठी स्वसंरक्षणाचे आणि संगणकाचे वर्ग घेतले, नृत्यही शिकवलं.

७. पण भारतीय महिला तुकडीमुळे लायबेरियात खरंच काही बदललं, की फोटोपुरतं?

तुकडीच्या निरोपाच्या वेळी संयुक्त राष्ट्रांनी एक आकडा दिला: लायबेरियाच्या सुरक्षा यंत्रणेत महिला १७ टक्के झाल्या, आधी त्या ६ टक्के होत्या. आपल्याकडच्या बहुतेक लेखांत या वाढीचं सगळं श्रेय भारतीय तुकडीला दिलेलं असतं. तेवढं ते नाही. पोलिसांत २० टक्के महिला हव्यात असं सरकारनेच ठरवलं होतं. युद्धामुळे शाळा सुटलेल्या मुलींना भरतीची शैक्षणिक अट पूर्ण करता यावी म्हणून मोहिमेने खास जलद अभ्यासवर्ग चालवले. राष्ट्राध्यक्ष महिला होती. या सगळ्यात रोज रस्त्यावर दिसणारी, बंदूक घेतलेली परदेशी महिला तुकडी हा एक धागा होता. महत्त्वाचा, पण एकटा नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सशस्त्र तुकडी तळावर राहते, ठरल्या वेळी बाहेर पडते, ठरल्या वेळी परत येते. तिला कुणाची तक्रार नोंदवायचा किंवा अटक करायचा अधिकार नसतो. ते काम स्थानिक पोलिसांचं. अत्याचार झालेल्या बाईला तुकडीकडे जाऊन बोलावंसं वाटलं तरी पुढची वाट स्थानिक ठाण्यातूनच जायची, आणि ते ठाणं कसं आहे यावर सगळं अवलंबून. म्हणून स्थानिक दलात महिला येणं आणि टिकणं हे जास्त मोलाचं. माझं मत विचाराल तर तुकडी फोटोपुरती नव्हती. ती सशस्त्र पोलिसांचं अवघड काम नऊ वर्षं चोख करत होती आणि तिचं मूल्यमापन आधी त्या कामावर व्हावं. आपण जवानांच्या तुकडीला 'तुमच्यामुळे किती मुलगे भरती झाले?' असं कधी विचारत नाही.

८. आता भारतीय महिला कुठे आणि काय काम करतात?

भारतीय महिला शांतिमोहिमेत पहिल्यांदा गेल्या त्या १९६० मध्ये, काँगोत, लष्करी वैद्यकीय सेवेच्या डॉक्टर म्हणून. अलीकडचा महत्त्वाचा टप्पा जानेवारी २०२३ चा: सुदान आणि दक्षिण सुदान यांच्यातल्या वादग्रस्त अबेईत भारताने आपल्या बटालियनबरोबर महिलांची प्लाटून पाठवली, दोन अधिकारी आणि २५ जवान. लायबेरियानंतर भारताने पाठवलेलं महिलांचं ते सर्वांत मोठं पथक.

काँगोतल्या मोहिमेत मेजर राधिका सेन यांनी संपर्क प्लाटूनचं, म्हणजे गावकऱ्यांशी बोलून संबंध जोडणाऱ्या पथकाचं, नेतृत्व केलं. तिच्यात स्त्रिया आणि पुरुष दोघेही होते. उत्तर किवू प्रांतात त्यांनी गावोगाव लोकांच्या बैठका घेतल्या, धोक्याची खबर लवकर पोचावी म्हणून गावकऱ्यांचं जाळं उभं करायला मदत केली, मुलांसाठी इंग्रजीचे आणि विस्थापित प्रौढांसाठी व्यवसाय प्रशिक्षणाचे वर्ग चालवले. २०२३ चा लष्करी लिंगभाव पुरस्कर्त्याचा (मिलिटरी जेंडर अ‍ॅडव्होकेट) संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार त्यांना मे २०२४ मध्ये मिळाला. त्याआधी २०१९ साठी हाच पुरस्कार मेजर सुमन गवानी यांना ब्राझीलच्या नौदल अधिकाऱ्याबरोबर मिळाला होता. गवानी दक्षिण सुदानमध्ये लष्करी निरीक्षक होत्या. युद्धातली लैंगिक हिंसा कशी ओळखायची याचं मार्गदर्शन त्यांनी २३० हून अधिक निरीक्षकांना केलं.

पोलिसांपैकी दोन नावं हमखास विचारली जातात. किरण बेदी २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस सल्लागार झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. जम्मू-काश्मीर पोलिसांच्या शक्ती देवी यांना अफगाणिस्तानातल्या कामासाठी २०१४ चा आंतरराष्ट्रीय महिला पोलीस शांतिसैनिक पुरस्कार मिळाला.

९. गस्तीवर महिला असल्याने नेमका काय फरक पडतो?

झडतीचं काम सगळ्यांत उघड: महिलांची झडती महिलेनेच घ्यायची. ते सोडून द्या. जास्त मोठा फरक माहितीचा आहे. पुरुषांची गस्त गावात शिरते तेव्हा बोलायला पुढे येतात ते गावप्रमुख आणि पुरुष. ते रस्ता, पूल, टोळीची हालचाल सांगतात. पाणवठ्यावर कोण दबा धरतं, सरपणाला जाताना कुठल्या झाडीपाशी हल्ले होतात, हे बायकांना ठाऊक असतं आणि त्या ते परक्या सैनिकाला सांगत नाहीत. सुदानच्या दारफुर भागात आणि दक्षिण सुदानमध्ये सरपण आणायला छावणीबाहेर पडलेल्या बायकांवर हल्ले व्हायचे. म्हणून त्यांच्या सोबतीला सरपण-गस्ती सुरू झाल्या. ही गस्त कुठल्या वेळी, कुठल्या वाटेने, किती लांब न्यायची हे सरपण आणणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय ठरवताच येत नाही.

एक सावधगिरी: बाई आहे म्हणून तिला आपोआप लोकांशी बोलता येतं, हा समज चुकीचा आहे. स्वाहिली किंवा फ्रेंच येत नसेल तर मराठी बोलणारी महिला जवान आणि मराठी बोलणारा पुरुष जवान काँगोत सारखेच मुके. दुभाषीही महिला हवी, हे पुष्कळदा विसरलं जातं.

१०. इतके ठराव झाले, मग टक्केवारी का वाढत नाही?

सर्वांत मोठं कारण घरचं. देशाच्या सैन्यातच महिला नसतील तर मोहिमेत कुठून येणार? भारतीय लष्कराच्या पोलीस कोअरमध्ये महिला जवानांची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बाहेर पडली. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर. पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण झाल्या. पायदळात महिला नाहीत, आणि शांतिसेनेच्या बहुतेक तुकड्या पायदळाच्या असतात.

बाकीचे अडथळे बारीक वाटतात पण माणसं तिथेच गळतात. मोहिमेची जागा निघाल्याची बातमी महिलांपर्यंत पोचतच नाही, ती वरिष्ठांच्या ओळखीत फिरते. सुट्या पोलीस अधिकाऱ्यांच्या चाचणीत मोठी गाडी चालवणं आणि गोळीबार येतो. अनेक देशांत महिला पोलिसांना नोकरीत कधी जीप हातात मिळालेलीच नसते, त्यामुळे भाषेत आणि कामात हुशार असलेल्या बायका गाडीवर नापास व्हायच्या. हे लक्षात आल्यावर संयुक्त राष्ट्रांनी फक्त महिलांसाठी पूर्वतयारीचे वर्ग सुरू केले आणि उत्तीर्णांचं प्रमाण वाढलं. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण इथे निकष सैल केला नाही, सराव दिला.

तळाची रचना हाही अडथळा. स्वच्छतागृहं लांब आणि अंधारात, दाराला कडी नाही, सॅनिटरी पॅडची विल्हेवाट लावायची सोय नाही, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, चिलखती जॅकेट पुरुषाच्या मापाचं. मग तुकडीप्रमुखच म्हणतो, महिला नकोत, सोय नाही. वर्षभर लहान मुलाला सोडून जाण्याचा प्रश्न आहेच, आणि 'बाई गेली तर घर कोण बघणार' हा प्रश्न पुरुष जवानाला कोणी विचारत नाही.

शेवटचा अडथळा चांगुलपणाच्या वेषात येतो: काळजी. महिलांना जास्त करून शांत मोहिमांत पाठवलं जातं, हे संशोधकांनी आकडेवारीने दाखवलं आहे. धोकादायक मोहिमेत नेलं तरी गस्तीऐवजी कचेरीत किंवा दवाखान्यात बसवलं जातं. मग जिथे गरज सर्वांत जास्त तिथे महिला सर्वांत कमी. हे मला टक्केवारीपेक्षा गंभीर वाटतं: वीस महिला तळावर बसवून ठेवणाऱ्या बटालियनचा आकडा चांगला दिसतो, पण गावातल्या बाईच्या पदरात काही पडत नाही.

अडथळे मोजून दूर करण्यासाठी कॅनडाने २०१७ मध्ये एल्सी उपक्रम सुरू केला. विमान अभियंता एल्सी मॅकगिल यांच्यावरून हे नाव ठेवलं. त्याचा निधी देशांना अडथळ्यांचा अभ्यास करायला, तळ सुधारायला आणि महिलांचं प्रमाण भरीव असलेल्या तुकड्या पाठवायला पैसे देतो.

११. लिंगभाव सल्लागार आणि महिला संरक्षण सल्लागार ही दोन पदं एकच का?

नाही. लिंगभाव सल्लागार मोहिमेच्या सगळ्या कामाकडे पाहतो: निवडणूक, पोलीस सुधारणा, निःशस्त्रीकरण, वाटाघाटी. प्रश्न २ मधला 'बायका रांगेत का नाहीत?' हा सवाल विचारणं त्याचं किंवा तिचं काम. ही पदं १९९९ च्या सुमारास कोसोव्हो आणि पूर्व तिमोरच्या मोहिमांपासून आली. महिला संरक्षण सल्लागार हे पद ठराव १८८८ मधून आलं आणि त्याचा रोख युद्धातल्या लैंगिक हिंसेवर असतो: नोंद, पडताळणी, गुन्हेगार गटांशी बोलणी. शिवाय लष्करी आणि पोलीस विभागांत स्वतंत्र संपर्क अधिकारी असतात.

या पदांवर पुरुषही असू शकतात. आणि पद असणं पुरेसं नाही. सल्लागार मोहीमप्रमुखाच्या रोजच्या बैठकीला बसतो की फक्त ८ मार्चचा कार्यक्रम भरवतो, यावरून मोहिमेचा हेतू कळतो.

१२. शांतिसैनिकांनीच अत्याचार केल्याच्या बातम्या येतात. महिला वाढल्या की ते थांबेल का?

बातम्या खऱ्या आहेत. हैतीमधून २००७ मध्ये श्रीलंकेच्या १०० हून अधिक सैनिकांना लैंगिक शोषणाच्या आरोपांवरून परत पाठवलं गेलं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात मुलांवर अत्याचार झाले आणि तक्रार कळूनही यंत्रणा हलली नाही, असं स्वतंत्र समितीने २०१५ मध्ये नोंदवलं. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्येच नियम केले होते: अठरा वर्षांखालील कोणाशीही लैंगिक संबंध नाहीत, पैसा, अन्न किंवा काम देऊन लैंगिक संबंध नाहीत.

महिला वाढल्या की पुरुष सहकारी आपोआप सुधारतील हे गृहीतक मला मान्य नाही. ते दोन्हीकडून अन्यायाचं आहे: पुरुषांच्या वागणुकीची जबाबदारी महिला सैनिकांवर टाकायची, आणि तुकडीप्रमुखाला मोकळं सोडायचं. शिस्त ही प्रमुखाची जबाबदारी आहे. महिला असल्याने तक्रार सांगायला वाट मिळू शकते, एवढं खरं. महिला शांतिसैनिकांना स्वतःच्याच तळावर छळ सोसावा लागतो, हेही विसरू नये.

१३. मग अत्याचार करणाऱ्या शांतिसैनिकावर खटला कोण चालवतं?

त्याचा स्वतःचा देश. लष्करी तुकडीतल्या सैनिकांवर फौजदारी अधिकार फक्त त्यांच्या देशाचा असतो. मोहीम ज्या देशात आहे त्याचाही नाही, संयुक्त राष्ट्रांचाही नाही. संयुक्त राष्ट्रं त्याला परत पाठवू शकतात, पुन्हा घ्यायचं नाकारू शकतात, आणि ठराव २२७२ (२०१६) नंतर आरोप सर्रास असतील तर अख्खी तुकडी परत पाठवू शकतात. पण पीडित मुलगी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या राजधानीत, बांगीत, आणि खटला हजारो किलोमीटर दूर, तिला न कळणाऱ्या भाषेत; बहुतेकदा निकालही तिच्यापर्यंत पोचत नाही. २०१७ पासून पीडितांच्या हक्कांसाठी स्वतंत्र पद आहे. न्यायाची ही फट मात्र तशीच उघडी आहे.

१४. युद्धात पुरुषांवरही लैंगिक अत्याचार होतात. त्यांचा विचार यात आहे का?

आहे, पण उशिरा आला. २०१३ च्या ठराव २१०६ मध्ये पुरुष आणि मुलगे पीडित असू शकतात याचा उल्लेख झाला. २०१९ च्या ठराव २४६७ ने तो ठळक केला. व्यवहारात पुरुष बोलायला आणखी कचरतात आणि मदत केंद्रं बहुधा महिलांच्या आरोग्यसेवेला जोडलेली असतात. लिंगभावाचा विचार म्हणजे फक्त बायकांचा विचार नाही, हे इथे दिसतं.

१५. दुसऱ्या देशात जाऊन 'समानता' शिकवणं ही त्यांच्या संस्कृतीत ढवळाढवळ नाही का?

'त्यांची संस्कृती' कोण सांगतंय ते आधी पाहावं. बहुतेक वेळा मोहिमेला ती सांगणारे टोळीप्रमुख किंवा मंत्री असतात. त्याच देशातल्या बायकांच्या संघटना काय म्हणतात? लायबेरियाचं उदाहरण प्रश्न ६ मध्ये आहे. तरीही आक्षेपात तथ्य आहे: परदेशी सल्लागार सहा महिन्यांसाठी येऊन ठरावीक कार्यशाळा घेतो आणि स्थानिक संघटनांना प्रेक्षक बनवतो, असं घडतं. त्यावर उपाय म्हणजे त्या संघटनांना आधी विचारणं, वाटाघाटीच्या खोलीत जागा देणं आणि पैसा थेट देणं.

१६. भारताचा १३२५ साठी राष्ट्रीय कृती आराखडा आहे का?

नाही. शंभरावर देशांनी असे आराखडे केले. नेपाळने २०११ मध्ये, बांगलादेशाने २०१९ मध्ये. भारत प्रशिक्षण आणि तुकड्या देण्यावर भर देतो: दिल्लीतलं शांतिसेना केंद्र महिला लष्करी अधिकाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय वर्ग घेतं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्लोबल साउथमधल्या (विकसनशील देशांतल्या) महिला शांतिसैनिकांची परिषद दिल्लीत झाली. माझ्या मते आराखडा हवा, कारण त्याने संसदेला आणि नागरिकांना हिशोब मागता येतो.

१७. मी महाराष्ट्र पोलिसांत आहे. मला जाता येईल का? आणि नागरी पदांचं काय?

पोलिसांना स्वतःहून परस्पर अर्ज करता येत नाही. नामांकन सरकार करतं: राज्याच्या गृह विभागातून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे. किमान काही वर्षांची प्रत्यक्ष पोलीस सेवा, इंग्रजी किंवा फ्रेंच, गाडी चालवणं आणि हत्यार हाताळणं यांची चाचणी असते. म्हणून आपल्या घटकात परिपत्रक आलं का हे लेखी विचारत राहा आणि आजपासून चारचाकीचा सराव सुरू करा. कारण प्रश्न १० मध्ये आहे.

नागरी पदांसाठी सरकारी नामांकन लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत नोकरी संकेतस्थळावर किंवा स्वयंसेवक कार्यक्रमातून थेट अर्ज होतो. वकील, डॉक्टर, अभियंते, समाजकार्य केलेले सगळे पात्र ठरू शकतात. अर्जाला, मुलाखतीला, प्रशिक्षणाला संयुक्त राष्ट्रं कधीही पैसे घेत नाहीत. कोणी 'शांतिसेनेत लावून देतो' म्हणून पैसे मागितले तर ती फसवणूक आहे.

१८. महिला शांतिसैनिकांना पगार वेगळा मिळतो का?

नाही. तुकडीतल्या प्रत्येक सैनिकामागे संयुक्त राष्ट्रं त्याच्या देशाच्या सरकारला महिन्याला १,४०० डॉलरहून जास्त अशी ठरलेली रक्कम देतात. त्यात स्त्री-पुरुष फरक नाही. सैनिकाच्या हातात किती पडतं ते देश ठरवतो. निरीक्षक आणि सुट्या पोलिसांना मोहिमेचा भत्ता थेट मिळतो.

१९. मोहिमा बंद होत चालल्या आहेत. मग या सगळ्याचं काय होणार?

दारफुरची मोहीम २०२० च्या अखेरीस संपली, मालीची तिथल्या लष्करी राजवटीच्या मागणीवरून ३१ डिसेंबर २०२३ रोजी. ऑक्टोबर २०२५ मध्ये पैशांअभावी उरलेल्या मोहिमांतले सुमारे चतुर्थांश शांतिसैनिक कमी करायचं ठरलं. आकार घटतो तेव्हा टक्केवारी सहज वाढलेली दिसू शकते, म्हणजे माणसंच कमी झाली म्हणून. त्यामुळे येत्या वर्षांत टक्क्यांबरोबर प्रत्यक्ष संख्या पाहा, आणि लिंगभाव व संरक्षण सल्लागारांची किती पदं अंदाजपत्रकात उरली तेही. मोहीम निघताना महिला संघटनांशी असलेला संपर्क, गावांतली खबर पोचवणारी जाळी, स्थानिक पोलीस ठाण्यातले महिला कक्ष कोणाच्या हवाली केले, हे निघण्याच्या वर्षभर आधी लिहून ठरवावं लागतं. लायबेरियात मोहीम २०१८ च्या मार्चमध्ये संपली, म्हणजे टप्प्याटप्प्याने आवरायला बरीच वर्षं मिळाली. मालीत सहा महिने मिळाले.